नंबर कुणाचा?

(ठाण्यात टेंभी नाका इथे रविवारच्या अभ्यासवर्गासाठी नवे स्वयंसेवक जमले होते. त्यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, मधले प्रश्न तेवढे गाळले आहेत.)



मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. खुर्च्या कमी आहेत, पण सतरंजी आहे. मुलं सतरंजीवरच बसतात, तुम्हालाही सवय लागेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. बी.ई. झालो त्याला बारा-तेरा वर्षं होत आली. मी दिवसभर जे करतो त्याला आमच्याकडे ‘बॅकएंड’ म्हणतात. तुम्ही मोबाईलवर बटण दाबलं की त्याच्या पलीकडे जे चालतं, ते. म्हणून कुणीतरी आजच्या निरोपात ‘डिजिटल शिक्षण : संधी आणि आव्हानं’ असा विषय टाकला. असा विषय असला की वक्ता अर्धा तास संधी सांगतो, अर्धा तास आव्हानं सांगतो आणि मग चहा येतो. मला तसं काही सांगता येणार नाही. या खोलीत दर रविवारी काय होतं, एवढंच सांगेन. त्यात एक गोष्ट अशी आहे जी चारचौघांत सांगायला मला तीन वर्षं लागली.

आधी जागेबद्दल. टेंभी नाका सोयीचा आहे. स्टेशनवरून चालत येता येतं. महागिरीची मुलं चालत येतात, राबोडीची चालत किंवा सायकलनं, कळवा-मुंब्र्याची लोकलनं. इथून जवळच १८७९ सालचं सिनेगॉग आहे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली लोकांचं. नवरात्रात देवीच्या दर्शनाला एवढी गर्दी होते की नाक्यावरून पलीकडे जाता येत नाही, त्या रविवारी आपण सुट्टी घेतो. आपल्याकडे येणारी मुलं आठवी ते दहावीची. काही उर्दू माध्यमाची, काही मराठी, काही सेमी-इंग्रजी. घरी कुणी कोकणी बोलतं, कुणी दखनी, कुणी आपण आत्ता बोलतोय तसं मराठी. आणि वेबसाइट उघडली की ती असते इंग्रजीत, नाहीतर सरकारी मराठीत. सरकारी मराठीबद्दल पुढे बोलू.

सुरुवात २०२० ला झाली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, तुमच्यातले काहीजण त्याच बॅचचे असतील. शिक्षक व्हॉट्सॲपवर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’च्या लिंक पाठवत होते. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, पण ते पहिली ते आठवीसाठी. आम्ही पाच-सहा मित्र, सगळे आयटीतले, घरून काम चालू, पगार चालू. आम्हाला वाटलं, काहीतरी करायला हवं. ओळखीपाळखीतून जुने स्मार्टफोन गोळा केले. अकरा निघाले. पुसून, साफ करून, दीक्षा ॲप टाकून वाटले. फोटोही काढले, ते अजून माझ्याकडे आहेत.

दीड महिन्यानं एकेकाला फोन करून विचारलं. अकरापैकी दोन फोन मुलांच्या हातात होते. एक अब्बांच्या रिक्षात गेला होता. एक मोठ्या भावाकडे, तो सामान पोचवायच्या कामाला लागला होता आणि त्या कामाला फोन लागतोच. एक विकला होता, खोलीचं भाडं थकलं होतं. तेव्हा मला राग आला होता. आज येत नाही. ज्या घरात सगळंच बंद पडलंय तिथे एक चालणारी वस्तू आली, तर ती आधी पोटाच्या कामाला लागणार. अभ्यासाचा नंबर नंतर.

मग इंजिनीअर जे करतो ते मी केलं. ॲप बनवलं. दहावीच्या गणिताचे प्रश्न, उत्तर चुकलं तर इशारा, बरोबर आलं तर तारा. तीन महिने रात्री जागून बनवलं. चाळीस जणांनी उतरवून घेतलं, त्यातले निम्मे आम्हीच, एकमेकांच्या फोनवर तपासायला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ कोड कुणीही वापरला नाही. असो.

शाळा उघडल्यावर आम्ही ही खोली मागून घेतली. दोन जुने लॅपटॉप, एक वाय-फाय, एक वही. तेव्हापासून जे चालतं ते असं.

साधनं कमी नाहीत. हे मी आधीच सांगतो, कारण ‘आपल्या मुलांना काही मिळत नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर तोंडात येतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठीत आहेत, उर्दूत आहेत. पुस्तकात धड्यापाशी चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो. मुलं त्याच्याकडे जाहिरातीकडे बघावं तसं बघतात. तो दीक्षावर उघडतो. दीक्षा २०१७ पासून आहे, तिच्या खाली ‘सनबर्ड’ नावाची मुक्त प्रणाली आहे, तिचा कोड कुणालाही वाचता येतो. मी वाचलाय. चांगला आहे, म्हणजे माझी तक्रार कोडची नाही. आपण मुलांना एवढंच शिकवतो की ॲपमध्ये राज्य मंडळ निवडायचं, आपलं माध्यम, आपली इयत्ता, आणि धडा इथल्या वाय-फायवर उतरवून घ्यायचा. मग घरी नेट नसलं तरी चालतो. दहा मिनिटांचं काम आहे. पण हे दहा मिनिटांचं काम शेजारी बसून कुणी दाखवलेलं नसतं.

एक उदाहरण देतो. नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ आहे. एक मुलगा आला, मुंब्र्याचा. ओहमचा नियम न अडखळता म्हणून दाखवला. मी विचारलं, म्हणजे काय? त्यानं तोच पुन्हा म्हटला, थोडा मोठ्यानं. मी लॅपटॉपवर फेट उघडलं. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठानं बनवलेले हे प्रयोग आहेत, फुकट, काही मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. त्यात सेल, तार, दिवे ओढून आणायचे आणि जोडायचे. त्यानं एक दिवा लावला. मग त्याच ओळीत दुसरा, तिसरा. दिवे मंद झाले. समांतर जोडले, पुन्हा तेजीत आले. पंधरा मिनिटं तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “भाई, आमच्याकडे फ्रीज चालू झाला की ट्यूब फडफडते ती का?”

त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. खांबापासून घरापर्यंत तार किती लांब, किती जाड, एका जोडणीवर किती खोल्या, फ्रीजची मोटर सुरू होताना किती करंट ओढते. तारेलाही रोध असतो हे त्याला त्याच्या स्वतःच्या ट्यूबलाइटवरून कळलं. परीक्षेत त्याला किती गुण पडले ते मी विचारलं नाही. त्यानं घरी जाऊन तारा बदलायच्या मागे लागून वडिलांचं डोकं खाल्लं, एवढं कळलं.

हे झालं शिकण्याचं. यात मजा आहे, आणि नवीन स्वयंसेवक नेहमी हेच काम मागतो. पण मुलं गळतात ती इथे नाही. ती गळतात फॉर्ममध्ये, ओटीपीमध्ये, आणि फोन कुणाच्या खिशात आहे त्यात.

‘असर’चा २०२३ चा अहवाल बघा. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचा आहे. घरात स्मार्टफोन जवळजवळ सगळ्यांच्या आहे. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के आणि मुली सुमारे २० टक्के. ठाणे काही खेडं नाही, पण या खोलीतलं चित्र मला फार वेगळं दिसत नाही. मुलग्याला नववीत फोन मिळतो, मुलीला लग्न ठरल्यावर.

मी पूर्वी हे बुरसटलेपणाच्या खात्यात टाकायचो. एकदा एका मुलीच्या आईशी बोललो. म्हटलं, खाला, तिला रोज संध्याकाळी एक तास तरी फोन देत जा. त्या म्हणाल्या, “देईन की. पण ती त्यात काय बघते ते मला वाचता येत नाही ना, बाबा.” मला उत्तर सुचलं नाही. भीती फोनची नव्हती. आपल्या हातातल्या वस्तूत आपल्याला न कळणारं काहीतरी चाललंय, याची होती. पुढच्या रविवारी आम्ही आयांना बोलावलं आणि मुलींना सांगितलं, आता तुम्ही शिकवा. कुठलं चित्र दाबलं की धडा, कुठलं दाबलं की पत्रिका, इतिहास म्हणजे काय, तो कसा बघायचा. आया चौदा आल्या. दोघींनी तिथेच स्वतःच्या माहेरी व्हिडिओ कॉल लावला, वर्ग संपलाच मग. पण त्यानंतर निदान पाच घरांत फोन संध्याकाळी मुलीकडे यायला लागला. मुलींनी इतिहास पुसायचा कसा तेही शिकून घेतलं असेल. पंधरा वर्षांची मुलं आहेत, शिकणारच.

आता सरकारी मराठी. उर्दू माध्यमाचा आठवीतला एक मुलगा फॉर्म वाचत होता. ‘पाल्याचे नाव’ पाशी थांबला आणि मला विचारलं, “भाई, पाल्याचं नाव म्हणजे भाजीचं नाव?” सगळे हसले, मीही हसलो. पण त्याचं काय चुकलं? पाला त्याला माहीत होता, पाल्य नव्हता. ‘स्वसाक्षांकित’, ‘थेट लाभ हस्तांतरण’, ‘अधिवास’, हे शब्द मराठी शाळेतल्या मुलालाही येत नाहीत. आपण भिंतीवर एक मोठा कागद लावलाय, असा शब्द सापडला की मुलं तो लिहितात आणि समोर साधा शब्द लिहितात. ‘स्वसाक्षांकित’ समोर एका मुलीनं लिहिलंय, ‘मीच सही केली’.

शब्दांपेक्षा मोठा घोळ नावांचा. इथे जरा लक्ष द्या, कारण हा आपल्या घराघरातला आहे. एकाच मुलाचं आडनाव शेख. इंग्रजीत आधारवर एस-एच-ए-आय-के-एच, शाळेच्या रजिस्टरमध्ये एस-एच-ई-आय-के-एच, बँकेत एस-के. वडिलांचं नाव एका जागी मोहम्मद, दुसऱ्या जागी ‘मोहं.’ असं टिंब देऊन. मुलीच्या आधारवर आडनावच नाही, पुढे ‘बानो’ किंवा ‘खातून’, आणि शाळेत मात्र वडिलांचं आडनाव लावलेलं. फॉर्ममध्ये तीन चौकोन असतात, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आपली अर्धी नावं त्या तीन चौकोनांत बसतच नाहीत. माणसाला कळतं की हा तोच मुलगा. मशीनला कळत नाही. मी स्वतः नावं जुळवणारे प्रोग्राम लिहिलेत, त्यामुळे खात्रीनं सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की ‘जुळत नाही’ असं उत्तर येतं आणि त्यामागचं कारण पडद्यावर कुणी दाखवत नाही. मुलाला वाटतं, आपल्याला नाकारलं.

हे दहावीत कळून उपयोग नाही. शाळेच्या रजिस्टरमधलं नाव दुरुस्त करायचं तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. शाळा सोडल्यावर तेच काम डोंगराएवढं होतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणजे घाईत चुकीचं बदलून आलात तर एक संधी गेली. आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, ते नेमकं नववी-दहावीचं वय. म्हणून आपल्याकडे मूल आठवीत आलं की पहिल्या रविवारी अभ्यास नाही. आधार, शाळेचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवायचं आणि अक्षर अक्षर वाचायचं.

आठवीतच का, तर एनएमएमएस. किती जणांना माहीत आहे? तीन हात. बाहेर विचारलं असतं तर तेवढेही आले नसते. आठवीत परीक्षा होते, आपल्या राज्यात पुण्याची परीक्षा परिषद घेते, उर्दूतूनही देता येते. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित हवी. अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्रानं नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद केली, त्यावर आपण निवेदनं दिली, द्यायलाच हवी होती. पण ही दुसरी शिष्यवृत्ती धर्म विचारत नाही, उत्पन्न आणि गुण विचारते, आणि तिच्या रांगेत आपली मुलं मला कमी दिसतात. शिवाय ती एकदा मिळून संपत नाही. दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, दहावीत ६० टक्के टिकवावे लागतात. नूतनीकरणाला ओटीपी लागतो, आणि ओटीपी जातो नोंदवलेल्या नंबरवर.

आता ती गोष्ट.

२०२२ ची अकरावीची प्रवेश प्रक्रिया. मुंबई महानगरात अकरावी २००९ पासून ऑनलाइन आहे, २०२५ मध्ये सगळ्या राज्यात झाली. अर्जाचे दोन भाग. पहिल्यात माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. त्या वर्षी मी एकट्यानं चौदा मुलांचे अर्ज भरले. मुलं शेजारी बसायची, मी टाइप करायचो. एक अर्ज बारा मिनिटांत. मला स्वतःचं फार कौतुक होतं. ओटीपीसाठी कुणाचे अब्बा रिक्षावर, कुणाचा भाऊ फोन उचलत नाही, अशी वाट बघण्यात वेळ जायचा. म्हणून मी सोपा मार्ग काढला. चौदाही अर्जांवर माझा नंबर टाकला. माझा नेहमीचा नाही, दुसऱ्या सिमचा, कारण नेहमीच्या नंबरवर मला दिवसभर मेसेज नको होते.

मुलांना सांगितलं, यादी लागली की मेसेज येईल, मी कळवतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला पहिली यादी लागली. मी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला बेंगळुरूला होतो. ते दुसरं सिम ज्या फोनमध्ये होतं तो घरी कपाटात होता, बॅटरी संपलेला. तेरा मुलांनी कुठून कुठून बघितलं, कुणाच्या चुलतभावानं, कुणी सायबर कॅफेत. एक मुलगी थांबून राहिली. तिच्याकडे फोन नव्हता, आणि भाई कळवतो म्हणाले होते. तिला ८४ टक्के होते. तिला तिच्या पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं होतं, सायन्स, घरापासून चालत वीस मिनिटं. प्रवेश निश्चित करायला मोजके दिवस असतात. आणि नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही तुम्ही गेला नाहीत, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. मी परत आलो तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते.

मी धावपळ केली. कॉलेजात गेलो, अर्ज दिले, रांगा लावल्या. नियम नियम होता, आणि तो त्यांनी बरोबर पाळला. विशेष फेरीपर्यंत थांबावं लागलं. तोवर जवळच्या कॉलेजात सायन्सची जागा उरली नव्हती. जिथे मिळत होती तिथे दोन लोकल बदलून जायचं. तिच्या वडिलांनी नाही म्हटलं. तिनं जवळच्या कॉलेजात कॉमर्स घेतलं. तिला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचं होतं. सातवीपासून सांगायची.

तिचे वडील मला म्हणाले, “जाऊ द्या भाई, नसीब.” त्यांनी मला वाचवायला तो शब्द वापरला, हे मला तेव्हाही कळलं. नसीब नव्हतं ते. कपाटातलं सिम होतं.

आज हे सांगण्याआधी मी तिला फोन केला. ती आता बी.कॉम. करते. विचारलं, तुझं नाव न घेता सांगू का? ती म्हणाली, “सांगा. पण नंबर कुणाचा होता तेही सांगा.”

माझा होता.

त्या दिवसापासून आपण अर्ज भरत नाही. मूल भरतं. स्वयंसेवकाचा हात कीबोर्डला, माउसला, मुलाच्या फोनला लागायचा नाही. पहिल्यांदा मुलीला एक अर्ज भरायला सव्वा तास लागतो, आणि तुमच्या हातांना खाज सुटते. हात मांडीखाली घाला. त्याच मुलीनं पुढच्या आठवड्यात मावसबहिणीचा अर्ज पंचवीस मिनिटांत भरलाय, हे मी बघितलंय. नंबर घरातल्याच माणसाचा, आणि जो फोन रात्री घरी असतो तो. बहुतेक वेळा तो आईचा निघतो. आईच्या नावावर सिम नसेल तर ते घ्यायला लावणं हे आपलं काम, फॉर्म नंतर. ई-मेल मुलाचा स्वतःचा. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा आणि वही दप्तरात नाही, घरात ठेवायची. माझे सुरक्षेतले सहकारी म्हणतील, पासवर्ड कागदावर लिहू नये. त्यांच्या घरी आठ माणसांत एक फोन नाही. आणि यादीच्या तारखेला मुलानं स्वतः लॉगिन करून बघायचं, मेसेजची वाट बघायची नाही. त्या दिवशी ही खोली सकाळपासून उघडी असते, रविवार असो नसो. आपली वही फक्त कोण आलं, कोण नाही, एवढंच बघते. जो आला नाही त्याच्या घरी माणूस जातो. फोन नाही, माणूस.

कुणी म्हणेल, हे तर शाळेचं काम, सरकारचं काम. खरं आहे, आणि ते मागायचं सोडू नका. पण शाळेत जाऊन बघा. एका लिपिकाच्या टेबलावर शिष्यवृत्ती, यूडायस, अपार, सगळ्यांचे पासवर्ड. आपण एका शाळेत नावं न जुळणाऱ्या मुलांची यादी कागदासकट तयार करून नेली, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी चहा पाजला आणि तीन महिन्यांत अकरा प्रस्ताव पाठवले. तक्रार घेऊन गेलो असतो तर तेवढे गेले नसते.

आणि एक आपल्याच लोकांबद्दल. दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. शाल, ट्रॉफी, बॅग, बॅनरवर फोटो. ज्या आठवड्यात मुलगी ट्रॉफी घेऊन फोटोला उभी असते, त्याच आठवड्यात तिचा अर्जाचा दुसरा भाग भरायचा असतो. स्टेजवरच्या एकानंही विचारलेलं मी ऐकलं नाही की बेटा, दहा कॉलेजं कुठली टाकलीस? सत्कार जुलैत करा ना. ट्रॉफी खराब होत नाही.

चॅटबॉटबद्दल विचारणार आहात, म्हणून थोडक्यात. मुलं वापरतात, लपवून वापरतात, तेव्हा समोर वापरू द्या. मी त्यांना आधी एक खेळ देतो. तुला ज्यातलं त्याच्यापेक्षा जास्त कळतं ते विचार. एका मुलानं आपल्या गल्लीबद्दल विचारलं. उत्तरात गल्लीत एक किल्ला निघाला. तो मुलगा आता धाराविद्युतचं उत्तरही पुस्तक उघडून ताडून बघतो. बास, एवढंच हवं होतं.

टेबलाच्या काचेखाली तीन नंबर आहेत, पाठ करा. १०९८ मुलांसाठी, कुठलंही संकट असो. १४४१६ मानसिक त्रासासाठी, टेली-मानस, निकालाच्या आठवड्यात हा लागतो. १९३० सायबर फसवणुकीसाठी. ‘शिष्यवृत्ती मंजूर, या लिंकवर ओटीपी द्या’ असे मेसेज येतात, एका घरातून असेच सात हजार गेले. मूल तुमच्याजवळ रडायला लागलं तर समुपदेशक व्हायला जाऊ नका, नंबर लावून द्या आणि शेजारी बसून राहा.

पुढच्या रविवारी आठवीच्या मुलांची नावं जुळवायची आहेत. सव्वीस मुलं आहेत, माझ्याकडे माणसं चार. साडेदहाला सुरू. ज्यांना उर्दू वाचता येतं त्यांनी आधी हात वर करा, त्यांची जास्त गरज आहे. लॅपटॉप आणू नका. पेन्सिल आणि खोडरबर आणा.